सात ओसाड बेटांची दंतकथा

दंतकथेचें आयुष्य इतिहासाहून दीर्घ असतें. इतिहास पुराव्यानिशीं लिहावा लागतो, आणि नवा पुरावा हातीं आला कीं तो सुधारावा लागतो. दंतकथा एकदां लोकांच्या तोंडीं बसली कीं तिला पुरावाही लागत नाहीं आणि सुधारणाही लागत नाहीं. मुंबईविषयीं अशीच एक दंतकथा आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडीं बसलेली आहे. ती सामान्यतः अशी सांगण्यांत येते: पूर्वीं येथें सात ओसाड बेटें होतीं, त्यांवर थोडेसे कोळी मासे मारून राहत, पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहांत तीं बेटें इंग्लंडच्या राजास आंदण मिळालीं, इंग्रजांनीं समुद्र हटवून तीं एकमेकांस जोडलीं, व्यापाऱ्यांनीं भांडवल आणलें, आणि अशा रीतीनें शून्यांतून हें महानगर निर्माण झालें.

गेलीं पंचवीस-तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत शिकवीत आहों. ह्या अवधींत मुंबईवर लिहिलेले जे निबंध आमच्या हातांखालून गेले, त्यांपैकीं बहुतेकांचा प्रारंभ ह्याच वाक्यांनीं झालेला आम्हीं पाहिला आहे. विद्यार्थ्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. समारंभांतील वक्ते, स्मरणिकांचे संपादक, आणि मुंबईच्या अभिमानानें ज्यांचा ऊर भरून येतो ते सद्गृहस्थ हेंच सांगत असतात, आणि मुलें तें ऐकत असतात.

ही कथा निरुपद्रवी असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचें आम्हांस कांहींच प्रयोजन नव्हतें. मनुष्यास आपल्या गांवाविषयीं थोडी अतिशयोक्ति करण्याची मुभा असावी. परंतु आमचें म्हणणें असें कीं, ह्या कथेंतील ‘ओसाड’ हा एक शब्द मुंबईवर साडेतीनशें वर्षें राज्य करीत आला आहे. जी जागा कोणा समर्थास हवी असेल ती आधीं रिकामी ठरवावयाची आणि मग ती घ्यावयाची, ही रीत त्या शब्दानें घालून दिली, आणि ती रीत आजही मोडलेली नाहीं. म्हणूनच ह्या कथेचा समाचार घेणें अवश्य झालें आहे.

प्रथम भूगोल पाहूं. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि बंदर, पश्चिमेस अरबी समुद्र, ह्यांच्या मध्यें साष्टी नांवाचें मोठें बेट आहे. शीव व माहीम यांपासून दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली जमिनीची जी जीभ समुद्रांत उतरली आहे, तीच जुनी मुंबई. तिला आपण संवयीनें बेट म्हणतों; परंतु शीव आणि माहीम येथील बांधांनीं ती साष्टीस जोडली गेली, तेव्हांपासून ती वस्तुतः एक द्वीपकल्प झालेली आहे. ह्या द्वीपकल्पाची ठेवण ध्यानांत घेतल्यावांचून त्याचा इतिहास कळावयाचा नाहीं. पश्चिमेस मलबार टेकडीपासून वरळीपर्यंत काळ्या खडकाची एक तुटक धार आहे. पूर्वेस डोंगरी, माझगांव, शिवडी अशी टेकड्यांची दुसरी धार आहे. आणि ह्या दोहोंच्या मध्यें सखल भाग आहे. पूर्वीं महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी ह्या सखल भागांत शिरत असे. खाडी ओलांडून आलेला मनुष्य जेथें पाय धुई ती पायधुनी, असें त्या नांवाचें स्पष्टीकरण देतात. आज तेथून समुद्र दिसतही नाहीं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम अशीं सात बेटें मोजण्याचा प्रघात आहे खरा. परंतु हें गणित भरतीच्या वेळेचें होय. ओहोटीस त्यांपैकीं कांहींमधून चिखल तुडवीत पायीं जातां येई.

आतां ह्या ‘ओसाड’ बेटांवरील स्थलनांवांकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. वडाळा, चिंचपोकळी, ताडदेव, फणसवाडी, केळेवाडी, उमरखाडी: ह्या नांवांत वड, चिंच, ताड, फणस, केळ आणि उंबर हीं सारीं उभीं आहेत. भेंडीबाजाराचें नांव ‘बाजाराच्या मागें’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडलें, अशी व्युत्पत्ति कित्येक जण आजही मोठ्या गंभीरपणें सांगतात. भेंडीचें झाड दारांत असतांना त्याचें मूळ समुद्रापलीकडे शोधावयास जाणें, हा आमच्या विद्वत्तेचा एक मासला आहे. गिरगांवच्या ज्या वाड्यांत आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आजे-पणजे राहिले, त्या वाड्या मुळांत नारळाच्या व आंब्याफणसांच्या बागा होत्या. जागेस झाडावरून नांव देण्याचें काम ओसाड भूमि करीत नसते. तें तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणारीं माणसें करतात.

नांवांवरून संशय फिटत नसेल तर इमारती व लेख पाहावेत. साष्टीच्याच डोंगरांत कान्हेरी येथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत तेथें बौद्ध भिक्षूंचा वास होता, आणि पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं त्यांनीं खडकांत खोदलेलीं टांकीं आजही पाहावयास मिळतात. मुंबई बंदराच्या पाण्यांत समोरच घारापुरी आहे. तेथील त्रिमुखी सदाशिवाची मूर्ति सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. प्रत्यक्ष मलबार टेकडीवर वाळकेश्वर आणि बाणगंगा ह्यांचा संबंध शिलाहार राजांच्या काळाशीं जोडला जातो. माहीमचे सूफी पंडित मखदूम अली माहिमी यांनीं कुराणावर अरबी भाषेंत भाष्य लिहिलें आणि ते इ. स. १४३१ मध्यें वारले. म्हणजे इंग्रजांचें पाऊल येथें पडण्यापूर्वीं सव्वादोनशें वर्षें ह्या बेटांवर ग्रंथरचना होत होती. राजवाड्यांनीं इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींतील सर्वच हकीकत इतिहासाच्या कसोटीस उतरते असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि, ह्या किनाऱ्यावरील राजे, वतनें, कुळें आणि गांवें ह्यांची जी दाट नामावळी तींत आहे, ती एखाद्या निर्जन खडकाची खास नव्हे.

पोर्तुगीजांच्या अमलाचीही तीच गोष्ट. गुजरातच्या बहादुरशहानें इ. स. १५३४ च्या तहान्वयें वसई व तिच्या ताब्यांतील प्रदेश पोर्तुगीजांस दिला. पुढें गार्सिया द ओर्ता नांवाच्या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई खंडानें होती. इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या त्याच्या वनौषधींवरील ग्रंथांत मुंबईचा उल्लेख आहे, आणि तेथील आपल्या एका आंब्यास वर्षांतून दोनदां फळ येतें, असें तो मोठ्या कौतुकानें सांगतो. दुबार फळणारा आंबा ओसाड खडकावर वाढत नाहीं, आणि ज्या भूमींतून उत्पन्न निघत नाहीं ती कोणी खंडानें घेत नाहीं. इंग्रज आले त्या वेळीं बेटांवर दहा हजारांच्या आसपास वस्ती असावी, असा अंदाज अनेकांनीं दिला आहे. सतराव्या शतकांतील दहा हजार म्हणजे चांगलीच वस्ती होय.

राहतां राहिली आंदणाची गोष्ट. इ. स. १६६१ च्या विवाहकरारानें इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लसास जें मिळालें तें मुंबईचें बंदर व बेट. सात बेटांची माळ नव्हे. करारांत नक्की काय समाविष्ट आहे ह्यावरून दोन्ही पक्षांत वाद माजला, आणि त्या वादांत चार वर्षें गेलीं. इ. स. १६६५ मध्यें हम्फ्री कुक यानें ताबा घेतला तो केवळ मुंबई बेटाचा. माहीम, परळ, वरळी इत्यादि भाग त्यानें मागाहून पोर्तुगीजांचा विरोध न जुमानतां बळकाविले, आणि कुलाबा तर आणखी कांहीं वर्षांनीं इंग्रजांकडे आला. इ. स. १६६८ मध्यें राजानें हें सर्व वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. सातही बेटें एका लग्नांत ताटावर वाढून आलीं, ही कल्पना गोड आहे. परंतु अर्ध्याहून अधिक बेटें सरळ अतिक्रमणानें मिळविलेलीं आहेत. ज्या शहरांत आज झोपडीवाल्यास अतिक्रमण करणारा म्हणून हिणविलें जातें, त्या शहराच्या जन्मपत्रिकेंत पहिलें अतिक्रमण कोणाचें नोंदलेलें आहे, हें स्मरणांत ठेवणें बरें.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि त्याचें उत्तर आतांच देऊन ठेवतों. इंग्रजी अमलांत व त्या काळच्या धनिकांच्या हातून येथें जें मोठें काम झालें, तें आम्ही नाकारतों कीं काय? मुळींच नाहीं. हॉर्नबी गव्हर्नर असतांना इ. स. १७८४ च्या सुमारास वरळीचें खिंडार बांधानें बंद झालें आणि मधला सखल भाग हळूहळू कोरडा पडला. गव्हर्नर डंकनच्या कारकीर्दींत शीवचा बांध झाला, इ. स. १८३८ मध्यें कुलाबा जोडला गेला, इ. स. १८४५ मध्यें माहीमचा बांध झाला, तो लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनीं दिलेल्या १,५७,००० रुपयांच्या देणगींतून. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी गेली, आणि त्या उद्योगांत नाना शंकरशेट यांचा हात होता. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीनें विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. त्या विद्यापीठाचे आम्ही ऋणी आहों. आमचा वाद ह्यांतील एकाही कर्तृत्वाशीं नाहीं. आमचा वाद ‘निर्माण’ ह्या क्रियापदाशीं आहे. निर्माण करणें म्हणजे नव्हतें तें आणणें. येथें जें होतें त्यावर भर घालण्यांत आली; त्याचें रूप पालटण्यांत आलें; कित्येक ठिकाणीं तें पुसण्यांत आलें. पुसणाऱ्यानें पाटी मुळांत कोरीच होती असें सांगावें, आणि आम्हीं मान डोलवावी, ह्यास आम्ही इतिहास म्हणत नाहीं.

शिवाय भराव घातला कोणीं? वरळीच्या बांधाविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. बांध पुनःपुनः ढासळूं लागला, तेव्हां रामजी शिवजी नांवाच्या पाठारे प्रभु कंत्राटदारास देवीनें दृष्टांत दिला. पाण्यांतून मूर्ति वर काढल्यावर बांध टिकला, आणि त्या मूर्तींची महालक्ष्मीच्या देवळांत स्थापना झाली. आख्यायिका खरी असो वा खोटी, तिच्यांत एक मार्मिक सत्य आहे: इंग्रज गव्हर्नराच्या नांवाचा बांध एतद्देशीय माणसानें, एतद्देशीय मजुरांकडून, आणि ह्याच किनाऱ्याच्या देवतेची परवानगी घेऊन बांधला, अशी लोकांची समजूत होती. डोंगर फोडणारे, पाट्या वाहणारे, गाळांत कंबरेइतक्या पाण्यांत उभे राहणारे जे हजारों हात होते, त्यांपैकीं एकाचेंही नांव कोणत्याही रस्त्यास नाहीं. कामाठीपुरा तेवढा तेलंगणांतून आलेल्या मजुरांची आठवण ठेवून आहे; आणि त्या नांवाचें पुढें जगानें काय केलें, तें सर्वश्रुत आहे.

भरावाचा इतिहास आम्हांस वाटतो तितका उज्ज्वलही नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इ. स. १८६१ ते १८६५ ह्या काळांत मुंबईंत कापसाचा पैसा वाहूं लागला, आणि बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढण्यासाठीं कंपनी निघाली. तिच्या शेअरांचे भाव मूळ किंमतीच्या कित्येक पट चढले. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि समुद्र होता तेथेंच राहिला. बुडालीं तीं माणसें. पुढें इ. स. १९२० नंतर सरकारनें तोच उद्योग पुन्हां आरंभिला. त्या कामांतील गैरकारभार वकील खुर्शीद नरिमन यांनीं चव्हाट्यावर आणला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर झालेल्या बदनामीच्या खटल्यांतून ते निर्दोष सुटले. ठरलेल्या आठ विभागांपैकीं चारच त्या वेळीं पुरे झाले. उरलेल्यांपैकीं कांहीं भाग स्वातंत्र्यानंतर भरण्यांत आला, आणि दैवाचा विनोद असा कीं, ज्यानें भरावांतील लबाडी उघडकीस आणली त्याचेंच नांव त्या भरावाच्या टोकास मिळालें. नरिमन पॉइंटवर वाऱ्यास बसणाऱ्या किती जणांस हें ठाऊक आहे?

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. ‘ओसाड’ हा शब्द सतराव्या शतकांतच राहिला असता तर चिंता नव्हती. परंतु तो वेष पालटून पुनःपुनः येतो. गिरण्यांचें उदाहरण घ्या. इ. स. १८५४ मध्यें कावसजी दावर यांनीं पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी ह्या भरती-ओहोटीच्या जुन्या सखल प्रदेशांत गिरणगांव वसलें. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसांनीं तेथें खानावळी, भजनी मंडळें, तालमी, कामगार रंगभूमि आणि शाहिरी फड उभे केले. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख ह्यांचा आवाज तेथूनच महाराष्ट्रभर गेला. मुंबई कोणीं निर्माण केली हा प्रश्न तेव्हांही निघाला होता. व्यापार आमचा, म्हणून शहर महाराष्ट्राचें नव्हे, असें सांगणारे पुष्कळ होते. डॉ. आंबेडकरांनीं इ. स. १९४८ मध्यें भाषावार प्रांतांविषयींच्या आयोगास सादर केलेल्या निवेदनांत ह्या युक्तिवादाचा सडेतोड समाचार घेतला, आणि पुढें शंभराहून अधिक माणसांनीं प्राण दिल्यावर ता. १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला.

परंतु राज्य मिळालें म्हणून दंतकथा मेली असें नव्हे. इ. स. १९८२ चा संप झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले, आणि तो मोडल्यावर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. इ. स. १९९१ च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनींचे स्थूलमानानें तीन वांटे ठरले: एक मोकळ्या जागेसाठीं महापालिकेस, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, आणि एक मालकास. इ. स. २००१ मध्यें ह्या नियमांत दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, वांटणी व्हावयाची ती केवळ रिकाम्या जागेची. जिच्यावर गिरणीची इमारत उभी होती ती जमीन वांटणींतून सुटली. इ. स. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही ही दुरुस्ती उचलून धरली. न्यायालयाच्या निर्णयाचा आम्ही आदर करतों. परंतु शब्दांचा अभ्यास हा आमचा व्यवसाय असल्यामुळें एक निरीक्षण नमूद करतों. लोकांस द्यावयाचें असलें कीं ‘रिकामें’ ह्या शब्दाचा अर्थ आकुंचन पावतो, आणि लोकांपासून घ्यावयाचें असलें कीं तो समुद्राइतका विस्तारतो. द्वीपकल्पावरील खरी सत्ता जमिनीच्या मालकीची नाहीं; रिकामें कशास म्हणावयाचें हें ठरविण्याची आहे.

दुसरें उदाहरण मिठी नदीचें. विहार व पवई ह्या तलावांचें ओसंडलेलें पाणी घेऊन ती साष्टीच्या मध्यांतून माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या मुखाजवळ खाजणें होतीं. खाजण हा शब्द आमच्या कोंकणांत कोणास समजावून सांगावा लागत नाहीं: भरतीचें पाणी जेथें पसरतें, चिप्या-तिवरें जेथें वाढतात, मासळीचीं पिल्लें जेथें पोसलीं जातात, ती जागा. नगररचनाकारांच्या नकाशांत मात्र तिचें वर्णन दलदल, म्हणजे निरुपयोगी, म्हणजे पुन्हां रिकामी. तीं खाजणें भरून वांद्रे-कुर्ला येथें कार्यालयांचें नवें नगर उभें राहिलें. विमानतळाची धांवपट्टी तर नदीवरूनच गेली आहे. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळीं दक्षिण टोकास कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास झाला. पाणी आपल्या जुन्या जागेच्या शोधांत निघालें, आणि ती जागा व्यापलेली पाहून माणसांच्या घरांत शिरलें. शेंकडों माणसें गेलीं. पावसास दोष देणें सोपें आहे. परंतु जेथें पाणी राहत होतें ती जागा आम्हींच रिकामी ठरविली होती, हें विसरून चालणार नाहीं.

तिसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. पश्चिम किनाऱ्यानें बांधलेला मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा नवा सागरी मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुला झाला. मोटारवाल्यांचा प्रवास सुखाचा झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ह्या कामासाठीं शंभराहून अधिक हेक्टर समुद्र भरावा लागला, आणि वरळीच्या कोळ्यांस आपल्या होड्या बाहेर काढण्यापुरती वाट मिळावी म्हणून झगडावें लागलें. पुलाच्या खांबांमधील नियोजित अंतर ६० मीटर होतें. लाटांत व वाऱ्यांत तेवढ्यांतून होडी नेणें धोक्याचें, असें कोळ्यांचें म्हणणें. कित्येक वर्षें अर्जविनंत्या, काम अडविणें, वाटाघाटी झाल्यावर इ. स. २०२३ च्या सुमारास तें अंतर १२० मीटर करण्याचें मान्य झालें. कोळ्यांची मागणी त्याहूनही अधिक होती. आमचा प्रश्न असा: ज्या पाण्यांत ही माणसें पिढ्यान्‌पिढ्या डोल लावीत आलीं, जेथील प्रत्येक खडकास त्यांच्या भाषेंत नांव आहे, त्या पाण्यांतून पूल नेतांना त्यांस आधीं विचारावें, हें कोणासही सुचलें कसें नाहीं? उत्तर सरळ आहे. नकाशावर तेथें निळा रंग होता, आणि निळा रंग म्हणजे रिकामी जागा, असें आम्ही शाळेपासून शिकत आलों आहों.

कोणी म्हणेल, महाशय, द्वीपकल्प अरुंद, माणसें अफाट. समुद्र न भरावा तर माणसें ठेवावीं कोठें? इ. स. २०११ च्या जनगणनेंत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटि २४ लाखांवर होती, आणि चौरस किलोमीटरास सरासरी वीस हजारांहून अधिक माणसें पडत होतीं. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु भरावाचा इतिहासच त्याचें उत्तर देतो. जो समुद्र भरला त्यावर राहतो कोण? नरिमन पॉइंटवर कार्यालयें आलीं, गोरगरिबांचीं घरें आलीं नाहींत. इ. स. १९६५ मध्यें चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे जुळें शहर वसविण्याची योजना मांडली. तिच्यांतून नवी मुंबई उभी राहिली. त्या योजनेचा आशय असा होता कीं, निमुळत्या टोकावरचा भार हलवावा. सरकारनें योजना स्वीकारली, आणि त्याच काळांत त्याच टोकावर समुद्र भरून नवीं कार्यालयें उभारूं दिलीं. मंत्रालय तर जेथें होतें तेथेंच राहिलें. परिणाम असा कीं, लाखों माणसें उत्तरेकडून सकाळीं गाड्यांना लोंबकळत टोकाकडे येतात आणि सायंकाळीं तशींच परत जातात. शिवाय इ. स. २००१ ते २०११ ह्या दशकांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. म्हणजे जुन्या द्वीपकल्पांतून माणसें बाहेर ढकललीं जात असतांना, माणसांसाठीं जागा हवी म्हणून समुद्र मागितला जात होता. जागेची टंचाई खरी आहे. परंतु ती कोणासाठीं टंचाई आहे, हें विचारल्याशिवाय तो युक्तिवाद मान्य करणें भोळेपणाचें होईल.

आणखी एक गैरसमज टाळला पाहिजे. जो आधीं आला तोच मालक, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें म्हटल्यास मुंबईंत कोणासच उभें राहतां येणार नाहीं. प्रस्तुत लेखकासही नाहीं, कारण आमचे आजोबाही रत्नागिरीहून बोटीनेंच येथें उतरले. कोळी, भंडारी, पांचकळशी, पाठारे प्रभु, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोंकणी मुसलमान, बेने इस्राएल, पारशी, बोहरी, गुजराती, तेलुगु, उत्तर हिंदुस्थानी अशा अनेक थरांनीं ही भूमि खरोखर घडली आहे, आणि एका अरुंद पट्टीवर इतक्या जणांस एकमेकांच्या कोपरास कोपर लावून राहावें लागलें, ह्यांतच मुंबईच्या संस्कृतीचें वैशिष्ट्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्यानें पुढचा थर घालावयाचा त्यानें खालच्या थरांस अस्तित्वच नव्हतें असें सांगूं नये. आणि घालण्यापूर्वीं त्यांस विचारावें.

हें व्यवहारांत आणणें फार अवघड नाहीं. पाठ्यपुस्तकांतून ‘सात ओसाड बेटें’ हे शब्द काढून टाकावेत आणि त्यांच्या जागीं गांवांचीं व वाड्यांचीं नांवें द्यावींत. जुनी किनाररेषा व भरतीच्या पाण्याच्या वाटा दाखविणारा नकाशा प्रत्येक शाळेंत व प्रत्येक प्रभाग कार्यालयांत टांगावा, म्हणजे पावसाळ्यांत पाणी कोठें येतें आणि कां येतें, हें मुलांसही कळेल. कोळीवाड्यांच्या सीमा जमिनीवर आखतांना त्यांच्या पाण्यांतील वाटा आणि डोलीच्या जागा यांचीही नोंद व्हावी. आणि ह्यापुढें समुद्राचा वीतभर भाग जरी भरावयाचा झाला, तरी तो भरून कोणास घर मिळणार, हें मागणाऱ्यानें आधीं सिद्ध करावें.

आमच्या वाचकांत आईबाप पुष्कळ आहेत. त्यांस आमची एक लहानशी विनंति आहे. पुढील खेपेस घरांतील मुलगा किंवा मुलगी मुंबईवर निबंध लिहावयास बसली आणि पहिल्या ओळींत ‘ओसाड’ हा शब्द आला, तर तो खोडूं नका. फक्त विचारा, ओसाड कोणाच्या दृष्टीनें? आणि मग एखाद्या रविवारीं त्यांस वरळीच्या कोळीवाड्यांत घेऊन जा, ओहोटीची वेळ पाहून. किल्ल्यापाशीं उभें राहिलें कीं एका बाजूस नवा मार्ग दिसतो आणि दुसऱ्या बाजूस होड्या. तेथील एखाद्या म्हाताऱ्या माणसास खडकांचीं नांवें विचारावीं. तो सांगेल तितकीं मुलांनीं वहींत लिहून घ्यावींत. निबंधाचा खरा आरंभ तेथून होईल.